पाळी जाण्याच्या वयात: काय सोसायचं, काय दाखवायचं

प्रश्न : माझं वय ४६. आम्ही घनसावंगी तालुक्यातले. घरची शेती आहे, थोडी मोसंबी आहे. गेल्या दीड वर्षापासून पाळीचा मेळच राहिला नाही. कधी दोन-अडीच महिने येत नाही आणि आली की दहा-बारा दिवस अंगावरून जात राहतं. सासूबाई म्हणतात, पाळी जायची असली की असंच होतं, त्यात काय दवाखाना करायचा. एका ठिकाणी दाखवलं, तर सोनोग्राफी बघून सांगितलं, ‘पिशवीला सूज आहे, काढून टाका, पुढं कॅन्सरची भीती नको.’ माझी धाकटी जाऊ ऊसतोडीला जाते. तिची पिशवी तिशीतच काढली. आता ती सारखी कंबर धरून बसते. मी नेमकं कुणाचं ऐकू?

उत्तर : ताई, तुमच्या पत्रात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत. पाळी दोन-अडीच महिने न येणं ही एक, आणि आली की दहा-बारा दिवस जात राहणं ही दुसरी. पहिली तुमच्या वयात अपेक्षितच आहे. दुसरी मात्र अंगावर काढायची नाही. आणि दाखवायला गेलं म्हणजे पिशवी काढूनच यायचं, असंही नाही. सोसत बसणं आणि काढून टाकणं या दोन टोकांच्या मध्ये बरेच उपाय आहेत. आपल्याकडच्या बायकांना ते कुणी सांगतच नाही, म्हणून आज जरा सविस्तर लिहिते.

मुलगी जन्मते तेव्हा तिच्या दोन्ही अंडाशयांत मिळून दहा ते वीस लाख बीजं असतात. ती वयात येते तोवर तीन-चार लाख उरतात आणि पाळी जायच्या सुमारास जेमतेम हजारभर. उन्हाळ्यात विहिरीने तळ गाठला की मोटार कधी भरभरून पाणी ओढते, कधी नुसतीच घरघरते. अंडाशयांचं या वयात तसंच होतं. एखाद्या महिन्यात बीज बाहेर पडतं, एखाद्या महिन्यात पडत नाही. ज्या महिन्यात ते पडत नाही, त्या महिन्यात प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक तयार होत नाही. इस्ट्रोजेन मात्र गर्भाशयाचं अस्तर वाढवत राहतं. महिना-दोन महिने वाढलेलं हे जाड अस्तर मग एकदम न पडता तुकड्यातुकड्यांनी पडतं. म्हणून पाळी उशिरा येते आणि आली की लवकर थांबत नाही. तुमच्या दोन्ही तक्रारींचं मूळ हे एकच असू शकेल. पण तपासल्याशिवाय तसं ठरवता येणार नाही, कारण अगदी असाच रक्तस्राव गर्भाशयातल्या गाठीमुळे होतो, अस्तरावरच्या मोडासारख्या वाढीमुळे होतो, थायरॉइड बिघडल्यानेही होतो आणि क्वचित कॅन्सरच्या सुरुवातीलाही होतो.

भारतीय बायकांची पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षी जाते. पाश्चात्त्य देशांत हेच वय ५१ च्या आसपास आहे. पाळी जाण्याआधीचा हा डळमळीत काळ साधारण चार वर्षं चालतो. काहींचा काही महिन्यांत आटोपतो, काहींचा आठ वर्षंही रेंगाळतो. सुरुवातीला पाळी आठवडाभर मागे-पुढे होते, पुढे दोन-दोन महिन्यांची अंतरं पडू लागतात. सलग बारा महिने एकही डाग दिसला नाही, की मगच पाळी गेली म्हणायचं. अकराव्या महिन्यात पुन्हा आली तर मोजणी पहिल्यापासून. या काळात अंगातून गरम वाफा निघतात, रात्री घामाने जाग येते, जीव उगाच घाबरा होतो, चिडचिड होते. घरच्यांना वाटतं, हिचा स्वभावच बदलला. तो स्वभाव नसतो, संप्रेरकांची उलथापालथ असते, आणि हे सासूबाईंना, नवऱ्याला, वयात आलेल्या मुलांना सांगून ठेवावं.

मग सासूबाईंचं ‘असंच होतं’ कुठवर खरं मानायचं? पाळी लांबली, कमी गेली, दोन-तीन दिवसांतच आटोपली, एखादा महिना चुकला, तर खरं. त्याला औषध लागत नाही. मात्र तीन महिने चुकली आणि नसबंदीचं ऑपरेशन झालेलं नसेल, तर पहिल्यांदा लघवीची साधी तपासणी करून दिवस गेलेले नाहीत ना, ते पाहा. पंचेचाळिशीनंतरही दिवस जातात. पन्नाशीच्या आत पाळी गेली तर पुढची दोन वर्षं आणि पन्नाशीनंतर गेली तर एक वर्ष गर्भनिरोधक वापरावं, असं डॉक्टर सांगतात ते त्यासाठीच.

पाळी आठ दिवसांहून जास्त चालली, एकवीस दिवसांच्या आत पुन्हा आली, दोन पाळ्यांच्या मधे डाग दिसला किंवा नवऱ्याजवळ गेल्यावर रक्त दिसलं, तर मात्र दाखवायचं. पॅड वापरत असाल आणि ते सलग दोन-तीन तास तासातासाला भिजत असेल, किंवा कापड वापरत असाल आणि ते तितक्याच वेळा बदलावं लागत असेल, तर तेही जास्तच आहे. रात्री उठून बदलावं लागणं, अंथरुणाला लागणं, दहा रुपयांच्या नाण्याहून मोठ्या गाठी पडणं ही त्याचीच चिन्हं. पाण्यासारखा, वास येणारा स्राव होत असेल तर पाळीची वाट न बघता जायचं. आणि चक्कर येऊन डोळ्यापुढे अंधारी येत असेल, हातपाय गार पडत असतील, तर त्याच दिवशी, त्याच तासाला १०८ ची गाडी बोलवायची. चाळिशीच्या आत पाळी बंद पडली, तर त्रास काहीच नसला तरी तपासून घ्यावं. इतक्या लवकर पाळी गेली की हाडं आणि हृदय दोन्हींवर परिणाम होतो.

जास्त जाणाऱ्या पाळीचं सगळ्यात मोठं नुकसान दिसत नाही, कारण ते रोजच्या थकव्यात मिसळून जातं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५४ बायकांना रक्तक्षय होता. आधीच रक्त कमी, त्यात महिन्याला दहा-बारा दिवसांचा रक्तस्राव. मग घागर उचलताना धाप लागते, कापूस वेचताना पाय ओढतात, आणि बाई म्हणते, वय झालं. सेहेचाळीस हे काही वय होण्याचं वय नाही, ताई. हिमोग्लोबिन तपासलं आणि ते भरून काढलं, तर निम्मा थकवा तिथेच कमी होतो.

दवाखान्यात जाण्याआधी एक काम घरी करता येईल. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचा हिशेब लिहिता ना, तिथेच पाळी आली त्या दिवशी एक टिंब आणि गेली त्या दिवशी दुसरं. फार गेलं त्या दिवशी दोन टिंबं. कुणाला कळायचं नाही आणि डॉक्टरांना तीन-चार महिन्यांचं चित्र समोर मिळेल. तोंडी सांगताना आपण अर्धं विसरतो, अर्धं लाजेने गाळतो.

तपासणीत काय होतं, तेही सांगते, म्हणजे भीती राहणार नाही. रक्त तपासतात, त्यात हिमोग्लोबिन आणि थायरॉइड. मग आतून तपासणी. तपासायला बाई डॉक्टर हवी, असं मागायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. मग सोनोग्राफी. पंचेचाळिशी ओलांडलेल्या बाईला असा जास्त किंवा अवेळी रक्तस्राव होत असेल, तर अस्तराचा छोटा नमुना काढून तपासायला पाठवतात. बारीक नळीने काही मिनिटांत तो घेता येतो. पाळीत दुखतं तशी कळ येते आणि जाते. तुमच्या बाबतीत मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती हीच तपासणी, आणि तुमच्या पत्रात नेमका तिचाच उल्लेख नाही. कॅन्सरची भीती आहे की नाही, ते हा नमुना सांगतो. ‘सूज’ या एका शब्दावरून ते कळत नाही. या वयात सोनोग्राफीत अस्तर जाड दिसणं, लहानशी गाठ दिसणं फार नेहमीचं आहे. गर्भाशयातल्या साध्या गाठींपैकी फारच क्वचित एखादी कॅन्सरची निघते आणि पाळी गेल्यावर बहुतेक गाठी आपणहून आक्रसतात.

नमुन्यात काही वाईट नसेल तर बहुतेकींचं काम औषधांवर भागतं. रक्तस्राव कमी करणाऱ्या ट्रॅनेक्झॅमिक अॅसिडच्या गोळ्या फक्त पाळीच्या दिवसांत घ्यायच्या असतात. प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या अस्तर नियमित पाडतात. गर्भाशयात बसवायची, तांबीसारखीच दिसणारी पण संप्रेरक सोडणारी एक वस्तूही मिळते. ती काही वर्षं टिकते, रक्तस्राव खूपच कमी करते आणि पुष्कळदा बाईला पाळी जाईपर्यंत निभावून नेते. तुम्हाला बहुधा चार-पाच वर्षंच काढायची आहेत. तेवढ्यासाठी मोठं ऑपरेशन लागेलच, असं नाही.

पिशवी काढावीच लागते अशा वेळा आहेत आणि त्या नाकारून चालणार नाही. कॅन्सर, किंवा कॅन्सरकडे झुकलेला अस्तराचा बदल. लघवी-शौचाला अडवणाऱ्या मोठ्या गाठी. सगळी औषधं करूनही न थांबणारा रक्तस्राव. अंग फारच खाली आलेलं असणं. अशा वेळी ऑपरेशन जीव वाचवतं, आयुष्य सुखाचं करतं.

पण तुमच्या जावेची गोष्ट मी नुसती वाचून सोडू शकत नाही. अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या भागांतून दिवाळीच्या पुढेमागे टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. खाडा पडला की दंड. फडावर मोरी नाही, पाणी नाही, पाळीच्या दिवसांतही उसाच्या मोळ्या डोक्यावर. अशा बाईला कुणी ‘पिशवी काढली की कटकट मिटेल’ म्हटलं, तर ती हो म्हणणारच. उचल घेतलेली असते, मुकादमाला हिशेब द्यायचा असतो. शेजारच्या बीड जिल्ह्यात हे किती दूर गेलं, ते २०१९ मध्ये राज्यासमोर आलं. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर जी पाहणी आली, तीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली आढळली, म्हणजे दर सहा जणींमागे एक. देशाचं प्रमाण शंभरात तीनच्या आसपास आहे. जवळच्याच जिल्ह्यांत, तोच ऊस तोडणाऱ्या, तेच आयुष्य जगणाऱ्या बायकांना वेगळा अनुभव आला असेल, असं मला वाटत नाही.

हा प्रकार फक्त मराठवाड्यापुरता नव्हता. राजस्थान, बिहार आणि छत्तीसगडमधल्या अनावश्यक ऑपरेशनांविरुद्ध डॉ. नरेंद्र गुप्ता सर्वोच्च न्यायालयात गेले होते. ५ एप्रिल २०२३ रोजी न्यायालयाने सगळ्या राज्यांना केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत लागू करायला सांगितलं. त्या तत्त्वांनुसार जिल्ह्यापासून देशापर्यंत देखरेख समित्या हव्यात आणि कुठल्या बाईचं गर्भाशय कोणत्या कारणासाठी काढलं, याची नोंद तपासली जायला हवी. हे कागदावर आहे, हे बायकांना माहीत असायला हवं.

तुमची जाऊ कंबर धरून बसते, यामागे ओझं असेल, ऑपरेशन असेल किंवा दोन्ही. पिशवीबरोबर अंडाशयंही काढली असतील, तर तिला तिशीतच रजोनिवृत्ती आली, तीही एका दिवसात. हाडं त्यानंतर झपाट्याने विरळ होतात. अंडाशयं ठेवली तरी ती लवकर थकू शकतात. तिच्या ऑपरेशनचे कागद शोधा. अंडाशयं काढली का, ते त्यात लिहिलेलं असेल. काढली असतील तर तिला स्त्रीरोगतज्ज्ञाकडे न्या. कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि गरज असेल तर संप्रेरकांचा उपचार यांबद्दल विचारा. नैसर्गिक पाळी जाण्याच्या वयापर्यंत असा उपचार देता येतो, आणि त्यासाठी ती अजून तरुण आहे.

आता तुमचं. जालन्यात गांधी चमनजवळ जिल्हा स्त्री रुग्णालय आहे. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. गावातल्या आशाताईंना सांगितलं तर त्या सोबत येतील. गरज पडली तर छत्रपती संभाजीनगरचं घाटी रुग्णालय जालन्याहून साठ-पासष्ट किलोमीटरवर आहे. जुनी सोनोग्राफी बरोबर न्या. डॉक्टरांना विचारा : माझ्या आजाराचं नाव काय? अस्तराचा नमुना घेतला का, त्यात काय आलं? आधी औषध देऊन पाहता येईल का? ऑपरेशन करायचंच झालं, तर अंडाशयं ठेवणार का? विचारलेलं डॉक्टरांना उद्धट वाटेल, अशी भीती बाळगू नका. चांगला डॉक्टर या चारही प्रश्नांची उत्तरं शांतपणे देतो. आणि आणखी एका डॉक्टरचं मत घेतल्याशिवाय सही करू नका; जिथे रक्त थांबतच नाही आणि जिवावर बेतलंय, तिथे तेवढा अपवाद.

प्रश्न : मी जालन्याच्या एमआयडीसीत स्टीलच्या कारखान्यात कामाला आहे. आई गावी असते, वय ५७. तिची पाळी जाऊन पाच वर्षं झाली. गेल्या आठवड्यात तिला लुगड्यावर एक डाग दिसला, तो बायकोच्या लक्षात आला. आई म्हणते, उष्णता झाली असेल, आता काही नाही. एका डागासाठी दवाखान्यात न्यावं का?

उत्तर : न्या. याच आठवड्यात न्या. मुलगा असून तुम्ही हे विचारलंत, याचं मला फार बरं वाटलं.

पाळी एकदा वर्षभर थांबली, की त्यानंतरचं कोणतंही रक्त, एक थेंब असो की भरपूर, ते पाळीचं नसतं. उष्णतेचंही नसतं. शंभरातल्या नव्वदेक बायकांत त्याचं कारण साधं निघतं : आतली त्वचा पातळ आणि कोरडी झालेली असते किंवा छोटा मोड असतो. पण शंभरात साधारण नऊ जणींना गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर सापडतो. मधुमेह, रक्तदाब, लठ्ठपणा असेल, तर धोका जास्त. या कॅन्सरची बहुतेक वेळा पहिली खूण असा एखादा डागच असतो, आणि तेवढ्यावर पकडला तर तो बहुतेकदा पूर्ण बरा होतो. आईचा डाग पुन्हा दिसला नाही, म्हणून थांबू नका. पुन्हा दिसण्याची वाट पाहण्यातच महिने जातात.

सोनोग्राफीत अस्तराची जाडी मोजतील. पाळी गेलेल्या बाईत ती चार मिलीमीटर किंवा त्याहून कमी असेल तर काळजी बरीच कमी होते. जास्त असेल किंवा रक्त पुन्हा दिसलं, तर नमुना घेतील.

त्याच खेपेला गर्भाशयाच्या तोंडाचीही तपासणी करून घ्या. ग्रामीण भागात गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर अस्तराच्या कॅन्सरपेक्षा जास्त आढळतो आणि पाळी गेली म्हणून त्याची भीती जात नाही. याबद्दल जगाला जे कळलं, त्यातलं बरंच मराठवाड्यातल्या बायकांमुळे कळलं. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांना घेऊन टाटा मेमोरिअल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयाच्या मदतीने मोठा अभ्यास झाला. २००९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही या विषाणूच्या तपासणीने या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले, हे त्यातून दिसलं. तुमच्या तालुक्याच्या रुग्णालयात अॅसेटिक अॅसिडचा बोळा लावून करायची साधी तपासणी होते. तुमच्या बायकोचं वय तिशीच्या पुढे असेल तर तिचीही करून घ्या.

प्रश्न : वय ४४. महालक्ष्म्या, नवरात्र, घरातलं कार्य, दर वेळी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या मेडिकलमधून आणते. आता पाळी कधीही येते, कधीही जाते. गोळ्यांमुळे तर नाही?

उत्तर : गोळ्यांमुळेही असू शकेल आणि वयामुळेही. अडचण हीच की गोळ्या चालू आहेत तोवर कुणालाही ते ओळखता येणार नाही. या गोळ्यांत बहुधा नॉरएथिस्टेरॉन असतं. ते अस्तर धरून ठेवतं आणि गोळी थांबवली की दोन-तीन दिवसांत रक्तस्राव सुरू होतो. एखाद्या वेळी डॉक्टरांना विचारून घेतल्या तर बिघडत नाही. पण कारण न कळलेला रक्तस्राव असताना, स्तनाचा कॅन्सर किंवा यकृताचा आजार असताना, पायात किंवा फुप्फुसात कधी रक्ताची गाठ झालेली असताना त्या घेऊच नयेत. वर्षाला तीन-चारदा पाळी ढकलण्याचं चाळिशीनंतर तरी थांबवा. पुढचे तीन महिने गोळी न घेता तारखा लिहून ठेवा. पाळी आठ दिवसांपुढे गेली, एकवीस दिवसांच्या आत आली किंवा मधेच डाग दिसला, तर तीन महिने थांबू नका, तारखांचा कागद घेऊन लगेच दाखवा.

आणि महालक्ष्म्यांच्या वेळी पाळी आलीच, तर स्वयंपाक जाऊबाई करतील, पूजा लेक करील.